आमेनच्या आधीचं

एकतीस वर्षं त्या घरात प्रार्थना नवऱ्याने केली आणि आमेन बायकोने म्हटलं. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला त्याने डोळे मिटले, तिनेही मिटले. मध्येच तो श्वास घ्यायला थांबला, तिला वाटलं संपलं, आणि ती मोठ्याने "आमेन" म्हणाली. तो हसला आणि पुन्हा सुरू झाला. दुसऱ्याच रविवारी त्याने हे चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून ती आमेनवहिनी.

तो कुलपं दुरुस्त करायचा, ती रफू करायची. पुढच्याच खोलीत दाराशी त्याचं टेबल, खिडकीशी तिचं. कसर लागलेले कोट, सिगारेटने जळलेल्या पँटी तिच्याकडे यायच्या. रफूत बाहेरचा धागा चालत नाही. रंग कितीही जुळला तरी उन्हात तो चुगली करतो. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढायचे आणि एकेक करून भोकावर विणत न्यायचे. हात असा की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "भोक होतं कुठे?"

त्याची प्रार्थना म्हणजे हजेरीपट. आधी शेजारी, मग आजारी, मग ज्यांच्या किल्ल्या हरवल्यात ते. देवाला तो अरेतुरे करायचा, जुन्या दोस्ताला करावं तसं. "तुला माहीतच आहे," म्हणायचा आणि मग सगळं सविस्तर सांगायचा.

"अहो, त्याला माहीत आहे ना? मग जेवण कशाला गार करता?" ती म्हणायची.

"मी कुठे गेलो होतो ते तुला माहीत असतं. तरी दारातच विचारतेस की नाही?"

ती जेवण जरा जास्तच कढत वाढायला शिकली. त्याचं संपेपर्यंत ते बरोबर खाण्याजोगं व्हायचं.

त्या सकाळी त्याच्या हातात कुणाच्या तरी कपाटाचं कुलूप होतं. त्याने टेबलावर डोकं टेकवलं. कुलूप हट्टी असलं की तो असंच करायचा, वरच्याला विचारून घ्यायचा. तिने मान वर केली नाही. तीन धागे विणून झाले तरी काही ऐकू येईना, तेव्हा तिनेच म्हटलं, "आमेन." मग ती उठून त्याच्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मातीत ठेवलं. अंगात त्याचा एकुलता एक चांगला कोट होता. तो कोट त्याने थंडीतच तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. "वेळ मिळाला तर बघ. आधी गिऱ्हाइकांचं." वेळ मिळाला नव्हता. उजव्या कोपराला मटारएवढं भोक होतं. तिने तो हात पेटीच्या कडेला सरकवून दाबून ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. भोकं लपवण्यातच तर तिचा जन्म गेला होता.

मग जेवणाचा प्रश्न उभा राहिला. ती ताट वाढायची, डोळे मिटायची, आणि पुढे काहीच नाही. प्रार्थनेशिवाय घास तोंडात घालायची सवय नव्हती, आणि प्रार्थना येत नव्हती. नुसतं आमेन कशाला म्हणणार? ताट झाकून ठेवायची, संध्याकाळी तेच उघडायची, पुन्हा झाकायची. दोन महिन्यांत बोटातली अंगठी सैल झाली, तिला तिने दोरा गुंडाळला.

थोरली नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने येऊन झाकलेलं ताट बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"हे कालचं की परवाचं?"

"आजचंच आहे, ताई."

"देवापुढे खोटं बोल, माझ्यापुढे नको. अगं, त्यात अवघड काय आहे? 'हे देवा, तू' म्हणायचं आणि सुटायचं."

"तू?"

"मग काय, साहेब म्हणणार आहेस?"

"मी कुणालाच कधी तू म्हटलं नाही, ताई. वडिलांना नाही, तुमच्या भावाला नाही. जीभच वळत नाही. इतकी वर्षं हे बोलायचे, माझं त्यातच जायचं. आता तिकडे कुणाला माहीत आहे मी कोण?"

नणंदेने कंबरेवरचे हात काढले आणि तडक पाळकसाहेबांचं घर गाठलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थनांचं एक छोटं पुस्तक आणून दिलं. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिल्या दुपारी समुद्रप्रवासाला निघणाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, दुसऱ्या दुपारी नववधूसाठी. नणंद ऐकत होती. तिला हसू आवरेना, मग आमेनवहिनीलाही आवरेना, आणि हसता हसता दोघी कधी रडायला लागल्या ते कळलं नाही. दोन घास गेले खरे. पण तिचं रफूवालीचं मन म्हणालं, धागा बाहेरचा आहे. तिने पुस्तक परत केलं.

पावसाळा संपता संपता एक मास्तर कोट घेऊन आले. करडा, आणि उजव्या कोपराला भोक. तिने तो ठेवून घेतला. दोन दिवस तो तसाच पडून राहिला; एरवी गिऱ्हाइकाचं काम तिच्याकडे कधी पडून राहत नसे. तिसऱ्या दिवशी तिने आतली दुमड उसवली, धागे ओढले, आणि दुपारपर्यंत भोक बुजलं. कोट उन्हात धरला. काही दिसत नव्हतं.

तिने हात धुतले, ताट वाढलं, बसली, डोळे मिटले.

"अहो," ती म्हणाली.

ठरवून नाही. त्या खोलीत ती हाक रोज वीसदा मारलेली होती, ती आपोआप आली. कुणाला मारली, तिचं तिलाही कळेना. ज्याला मारायची तो तर नव्हता. पण हाक गेलेली होती, आणि हाक मारून गप्प बसायची तिला सवय नव्हती.

"अहो, ऐकताय ना. ह्यांच्या कोटाला भोक राहिलंय. उजव्या कोपराला. लोकांचे सगळे केले, ह्यांचा ठेवला. मीच हात दाबून झाकलं. तिथे तुमच्यासमोर हे तसेच आले असतील, फाटक्या कोपराने. तुम्हाला माहीतच आहे..."

आणि मग तिनेही सगळं सविस्तर सांगितलं. कोट किती दिवस खुर्चीवर होता ते. त्या सकाळचे तीन धागे. त्या तीन धाग्यांत ती उठली असती तर काय झालं असतं, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं, ते विचारलं. उत्तर आलं नाही. ती थांबली, तसं कुणीतरी शांतपणे ऐकून घेत असल्यासारखं तिला वाटलं, म्हणून तिने पुन्हा विचारलं. आवाज चढला. नाक गळायला लागलं, ते पदराने पुसून ती बोलत राहिली. जेवण गार होत होतं.

दारात नणंद येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मध्ये आमेनवहिनी श्वास घ्यायला थांबली, तेव्हा नणंद हळूच म्हणाली, "आमेन."

"संपलं नाही अजून, ताई," आमेनवहिनी डोळे न उघडता म्हणाली.

नणंदेने चपला काढल्या, भावाच्या टेबलाशी, कुलपांपुढे बसली, आणि मान खाली घातली.