पाऊस न पडणारा प्रदेश

आठवीच्या वर्गात मी आखाती देशांचा नकाशा टांगला होता. आमच्या खाडीकाठच्या गावात या धड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. निम्म्या मुलांचं कोणी ना कोणी तिकडे असतं. "बाई, माझे मामा दुबईत!" "आमचा दादा कतारला!" मुलं पुढे येऊन नकाशावर बोटं ठेवत होती. मीही रंगात येऊन सांगत होते, की इथे नद्या नाहीत, पाऊस नाही, मैलोन्‌मैल गवताचं पातं दिसत नाही.

सायमा तेवढी पुढे आली नव्हती. तिचे अब्बा मस्कतला ड्रायव्हर होते. उन्हाळ्यात अपघातात गेले आणि त्यांना तिकडेच दफन केलं. घरच्यांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही.

ती उभी राहिली. "बाई, मस्कतलापण पाऊस नाही?"

"फार थोडा गं."

"मग अब्बांच्या कबरीवर गवत नाही उगवणार?"

आमच्याकडचं कब्रस्तान श्रावणात हिरवंगार होतं. तिच्या दादीची कबर तर गवतात शोधावी लागते. आयुष्यभर मी भूगोल शिकवला. कुठे काय पिकतं, जमिनीखाली काय सापडतं, सगळं सांगता येतं. पण आपलं माणूस ज्या मातीत गेलं, ती माती त्याच्या लेकीला कशी शिकवायची? खोटं बोलावंसं वाटलं, पण ते जिभेवर येईना.

"नाही उगवणार," मी म्हणाले.

ती खाली बसली आणि इतर मुलांसारखीच वहीतल्या नकाशात वाळवंटाचा तो भाग पिवळा रंगवू लागली.