आत जळणारी दारू

"नळी केवढी?"

आमच्या ताईंना काडतुसाबद्दल काहीही विचारा, पहिला प्रश्न हाच. आपण लांबी सांगितली की त्या उजव्या हाताची वीत ताणायच्या, मग बोटं जवळ आणत आणत नळीच्या मापावर थांबायच्या आणि त्या अंतराकडे बघत राहायच्या. तेवढ्यात कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत परवान्यावर सरावाची काडतुसं भरणाऱ्या एका लहान कंपनीत आम्ही दोघं चाचणी विभागात होतो. मी उल्हासनगर कॅम्प एकचा. गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर बसायचो. ताई बदलापूरच्या, हेंद्रेपाड्याच्या. कुठल्या काडतुसात कुठली दारू घालायची हे ठरवणं त्यांचं काम. बारावी शिकून भरणीच्या टेबलावर लागलेली ही बाई अकरा वर्षांत तिथवर पोचली होती. स्टेशनबाहेर शेवग्याच्या शेंगा निवडताना त्या तुम्हाला दिसल्या असत्या, तर हे खरं वाटलं नसतं.

घरच्यांनाही वाटायचं नाही. त्यांच्या मुलीला बघायला कर्जतचे पाहुणे आले होते. मुलाच्या आईने सहज विचारलं, तुम्ही कंपनीत काय करता? ताईंनी खरं ते सांगितलं, "मी दारू निवडते." पोह्यांच्या बश्या हातातच राहिल्या. बंदुकीची दारू वेगळी, हे पटवण्यात पुढचा अर्धा तास गेला. लग्न जमलं, पण व्याही अजून माझ्याशी जपून बोलतात, असं ताई हसत सांगायच्या.

अशात आमच्याकडे एका प्रशिक्षण केंद्राची मोठी ऑर्डर आली. सुरक्षारक्षक बायकांच्या सरावासाठी आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं हवी होती, ओतीव शिशाच्या गोळीची. आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी, मनाने मोठे, पण आवाजावर भाळणारे. लांब नळीच्या बंदुकांत उत्तम चाललेली दारू गोदामात पडून होती. तीच घालायची असं त्यांनी ठरवून टाकलं. ताईंनी हरकत लिहून दिली. शेठनी पहिला बार ऐकला, नळीच्या तोंडाशी निघालेला लांबलचक जाळ बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "ताई, आवाज तो सुनो. जोर आहे ना?"

तपासणीला केंद्राचे अधिकारी आले. माझ्या यंत्रावर प्रत्येक गोळीचा वेग वेगळा. निशाणाच्या कागदावर भोकं मधल्या खुणेच्या खाली, विखुरलेली. मग एक बार अगदी फुसका वाजला. अधिकाऱ्यांनी तिथेच हात थांबवला, रिव्हॉल्व्हर उघडून बघितलं. गोळी नळीतच अडकली होती. त्यांनी पुन्हा चाप ओढला असता तर नळी त्यांच्या हातात फुटली असती. त्यांनी हत्यार टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की पंधरा दिवसांनी येतो, आणखी एकदाच.

ऑर्डर गेली तर भरणीचं टेबल बंद करावं लागेल, असं शेठ त्या दुपारी म्हणाले. त्या टेबलावर चौदा बायका होत्या. उपाय म्हणून शेठनी प्रत्येक काडतुसात तीच दारू वाढवायला सांगितलं. ताईंनी सरळ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी त्या घरून एक पांढरी चादर घेऊन आल्या. नळीच्या पुढे जमिनीवर ती अंथरून आम्ही सहा बार काढले. मग ताईंनी शेठना चादरीजवळ बसायला लावलं. चादरीवर खसखशीसारखे हिरवट दाणे पडले होते, न जळलेले.

"शेठ, ही दारू नळीच्या बाहेर जळते, आणि उरते ती अशी सांडते. अजून घातलीत तर अजून सांडेल. एवढ्याशा नळीला आत जळणारी पाहिजे."

शेठ गुडघ्यावर बसून बराच वेळ ते दाणे बोटाने फिरवत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. आप चुनो."

लवकर जळणाऱ्या दोन दारू मागवल्या. पहिलीने वेग एकसारखा दिला, जाळही जवळजवळ नाही. मी खूश झालो. शेठनी विचारलं तेव्हा मी हीच घ्या म्हणालो. पण ती इतकी थोडी लागायची की पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, तळाशीच राहायची. ताईंनी एका पुंगळीत मुद्दाम दुप्पट माप घातलं, ती इतरांत मिसळली आणि टेबलावरच्या एका बाईला शोधायला सांगितलं. तिला सापडली नाही. ताईंनी स्वतः ती उचलून रिकामी केली.

"दमलेल्या हाताने माप दोनदा पडलं, तर ते वापरणारीचा हात जाईल. ही नको."

दुसरी दारू फुगीर, हलकी. पुंगळी जवळजवळ भरायची. दुप्पट घातली की वरून सांडायची, कुणालाही दिसायची. काडतुसातली दारू पुढे-मागे सरकली तर काय होतं हे बघायला ताईंनी नळी कधी खाली, कधी वर झुकवून मग सरळ धरून बार काढायला लावले. वेग हलला नाही. शेवटी गोळीचं शिसं आत चिकटतंय का ते बघायला नळीतून पांढरं फडकं फिरवलं. शिशाचा एक डाग आला नाही. माझं मत चुकलं होतं, हे मी शेठना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या तपासणीला अधिकाऱ्यांनी सोबत एक प्रशिक्षणार्थी मुलगी आणली होती. ती सरावात जाळाने दचकून डोळे मिटायची म्हणे. या वेळी तिने सहा बार डोळे उघडे ठेवून मारले. सहाही भोकं तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ. अधिकाऱ्यांनी तिथेच मंजुरीवर सही केली. भरणीच्या टेबलावरच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. एकीने ताईंना मिठीच मारली.

ताई आता निवृत्त झाल्यात, मुलीकडे कर्जतला असतात. मला त्या आठवतात त्या मंजुरीच्या दुपारच्या. शेठनी काय हवं विचारलं, तर त्यांनी तो भोकांचा कागद मागितला. गेटवर वॉचमनने अडवलं. कंपनीचा माल बाहेर नेता येत नाही. शेठ स्वतः उन्हात चालत गेटपर्यंत गेले आणि भिंतीवर पुस्तक टेकवून गेटपास लिहिला: कागद एक, भोकं सहा.

ताई कागदाची गुंडाळी काखेत धरून रिक्षात बसल्या. रिक्षा निघाली तसा त्यांनी तो उलगडला आणि एका भोकाला डोळा लावून आम्हा सगळ्यांकडे बघितलं.