दिनकररावांचा तिळगूळ

आज सकाळी माझ्या टेबलावर तिळगुळाची पुडी होती. वर पेनाने लिहिलं होतं, ‘दिनकररावांना द्या.’ मला हसूच आवरेना, कारण आमच्या कंपनीत दिनकरराव नावाचा माणूसच नाही.

कंपनीच्या चॅटचे आणि व्हिडिओ मीटिंगचे सर्व्हर मी सांभाळतो. मेसेज नीट पोहोचतात की नाही हे बघायला मीच या नावाचं खोटं खातं उघडलंय. त्याला काहीही पाठवा, लगेच उत्तर येतं, ‘मिळाला. धन्यवाद.’ त्यापलीकडे त्याला काही येत नाही.

पुडी अकाउंट्सच्या कुलकर्णीबाईंची. खरं काय ते सांगावं म्हणून गेलो, तर त्याच सुरू झाल्या, “अहो, काय सज्जन माणूस! एकदा चुकून गुड मॉर्निंग गेलं, तर लगेच धन्यवाद आलं. तेव्हापासून रोज पाठवते. दुसऱ्या शाखेत असतील ना? चॅटचं सगळं तुम्ही बघता, म्हणून पुडी तुमच्याकडे ठेवली. नाहीतर ग्रुपवर एवढी माणसं, पण एक जण उत्तर देईल तर शपथ!”

माणसाला लागतं तरी किती! आपलं बोलणं पोहोचलं, एवढं कुणी कळवलं तरी सकाळ गोड होते.

“देतो त्यांना,” म्हणालो आणि जागेवर येऊन एक लाडू तोंडात टाकला. समोर ग्रुपवर बाईंचं ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ आलेलं होतं, आणि त्याखाली नेहमीसारखा शुकशुकाट. दिनकरराव त्या ग्रुपवर नाहीत. मग मीच, माझ्या स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘मिळाला. धन्यवाद.’