अंजनेरीवरची हाक

आमच्याकडे मुंबईचे पाहुणे आले की ह्यांच्या अंगात डोंगर संचारायचा. एरवी कचेरीतून घरी आणि घरातून नाशकाच्या गंगेवर, एवढंच चालणारा माणूस. पण पाहुणा दारात टेकला की सोमेश्वरचा धबधबा, पांडवलेणी, नाहीतर थेट अंजनेरी. पाहुण्यांना बिचाऱ्यांना चहा पिऊन लोळायचं असे. पण ऐकतो कोण?

तीस सालानंतरची ती वर्षं. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. माहेरी अलिबागेकडे भावंडांचा गोतावळा; दिवसभर कुणी ना कुणी माझ्या नावानं शंख करत असायचं. नाशकात आले आणि कान ओस पडले. सासूबाई 'सूनबाई' म्हणत, हे 'अगं' म्हणत, तेही आमटीत मीठ कमी पडलं तर. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी ते वाचलं, पेढे खाल्ले, आणि तांदूळ डब्यात गेले तसं नावही गेलं. माहेरचं नाव मागे राहिलं, सासरचं कुणी वापरीना. फार एकटं वाटायचं. उद्या मी नाहीशी झाले तर चूल थंड पडल्याशिवाय ह्या घरात कुणाला कळायचं नाही, असं मनात येई.

श्रावणात ह्यांचे दोन मित्र आले. अंजनेरी ठरली. दशम्यांचं गाठोडं कुणीतरी न्यायला हवं, म्हणून मलाही बरोबर घेतलं. त्र्यंबकच्या मोटारीनं पायथ्याच्या गावी उतरलो आणि चढू लागलो. बायकोनं नवऱ्याच्या मागून चालायचं, ही रीत. रस्त्यावर ठीक आहे हो, पण डोंगरावर मागे म्हणजे किती मागे? तिघं गप्पा मारत पुढे, आणि मी नऊवारी सावरत, गाठोडं सांभाळत मागे. ह्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. वळून पाहणारा बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरायचा.

वरच्या पठारावर पोचले आणि धुकं आलं. आलं म्हणजे काय, माझा हात मला दिसेना. पुढचं बोलणं ऐकू यायचं थांबलं. एका बाजूला कडा आहे एवढं चढताना पाहिलं होतं. कोणत्या, ते आता कळेना. मी जागच्या जागी खाली बसले. हाक तरी कशी मारावी? नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. धुक्यात बसून काय उखाणा घेऊ? 'अहो, अहो' करून पाहिलं. वारा असा की माझं मलाच ऐकू येईना. मग रडू आलं. मला शोधायला कुणी येईल असं खरंच वाटेना. भूक लागल्यावर दशम्यांसाठी येतील, असं मात्र वाटलं.

तेवढ्यात लांबून एका पुरुषाची हाक आली. कुणा बाईला नावानं मारलेली. पुन्हा आली, मग पुन्हा, अगदी घसा फाटेपर्यंत. गावातला कुणीतरी गुरांमागे गेलेल्या बायकोला शोधत असेल, म्हटलं. मी डोळे पुसत ऐकत राहिले. नशीबवान आहे बाई, कुणीतरी तिच्यासाठी एवढं ओरडतंय. मला तिचा हेवा वाटला. हाक हळूहळू दूर गेली.

धुकं विरळ झालं तेव्हा हे समोरून धावत येताना दिसले. धोतर चिखलानं माखलेलं, ओठ पांढरे पडलेले, आवाज पार बसलेला.

"केव्हापासून हाका मारतोय. ओ द्यायला काय झालं होतं?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ते तांदळावरचं नाव. माझंच. ह्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकलाच नव्हता, मग ओळखणार कसा?

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला," मी म्हटलं.

मागून आलेला मित्र हसला. "काय वहिनी, स्वतःचं नाव विसरलात की काय?"

हे हसले नाहीत. माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पुढे चालू लागले. उतरताना "अगं, जपून, शेवाळं आहे," एवढंच बोलले.

पुढे संसार चांगला झाला, खोटं कशाला बोलू. मुलं झाली, पाहुणे येत राहिले, डोंगरही पुष्कळ झाले. मी 'अगं'ची 'अगं'च राहिले. हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एवढ्या आयुष्यात त्यांनी मला एकदाच नावानं हाक मारली, आणि मी ती दुसरीची समजून बसल्या जागी ऐकत राहिले.