बाबांच्या डोळ्यातली चीर

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. केंद्र सरकारची सगळी नोकरी त्यांनी बसच्या खिडकीशी बसून केली. ते निवृत्त झाले, आम्ही सरकारी क्वार्टर सोडून दिल्लीतल्याच द्वारकेच्या नव्या सोसायटीत आलो आणि घरात कॉम्प्युटर आला. त्यातल्या गाड्यांच्या शर्यतीत बाबा असे सुसाट सुटले की त्यांचा दुपारचा चहा मला दोनदा गरम करावा लागायचा. हाक मारली की, "अगं थांब, वळण येतंय!" एवढंच उत्तर.

होळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा दोन महिन्यांनी करायचा होता. पट्टी निघाल्यावर बाबा खूश व्हावेत म्हणून नवऱ्याने नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून नवं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. चित्र काय सुंदर दिसायला लागलं! खेळातल्या झाडांना चक्क सावल्या पडायला लागल्या. आमच्या सेक्टरमधली झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा जेमतेम आठवडाभर खेळले आणि मग थांबले. बाल्कनीत बसून मेट्रोचे खांब उभे राहताना बघत राहायचे. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "रस्ता मधेच तुटतो गं. वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. या डोळ्यात चीर पडलीय."

"दाखवा बरं," म्हणत मी पडद्याकडे पाहिलं. गाडी उभी होती, रस्ता सरळ होता, मला काहीच दिसलं नाही. नवरा म्हणाला, "व्होल्टेज असेल, यार." त्याच्या मते दिल्लीत जे जे बिघडतं ते व्होल्टेजमुळेच. आम्ही स्टॅबिलायझर लावला, फ्रिज आणि कूलर बंद करून घाम पुसत बसलो. बाबांचा रस्ता तुटतच होता. ऑपरेशन झालेला डोळा मिटून बघावं, तर डाव्या डोळ्याला सगळंच धुकं. म्हणजे ताडून बघायचीही सोय नाही.

डॉक्टरांनी डोळा तपासून तो बिल्कुल ठीक असल्याचं सांगितलं. बाबांना ते पटलं नाही. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "एक डोळा गेला. दुसऱ्याला मी हात लावू देणार नाही." मीसुद्धा चिडून म्हणाले, "बाबा, वयाने होतं थोडंफार. उगाच मनावर घेऊ नका." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो. ज्या माणसाला दिसेनासं होण्याची धास्ती बसली होती, त्याला मी वयाचं कारण देऊन गप्प केलं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, बाबा आतल्या खोलीत पडलेले असताना, मी हट्टाने त्यांच्या खुर्चीत बसले. मला गाडी कुठे चालवता येत होती! पहिल्याच वळणावर भरधाव गेले, गर्रकन फिरले, आणि समोरचा विजेचा खांब मधोमध तुटला. वरचा अर्धा डावीकडे, खालचा अर्धा उजवीकडे.

"बाबा! मलापण दिसतंय! खांब तुटला, खांब तुटला!"

बाबा धावत आले. कॉम्प्युटरमध्ये बिघाड निघाला म्हणून एवढा आनंद झालेलं दुसरं घर द्वारकेत तरी नसेल.

नवऱ्याने त्याच्या ऑफिसातल्या एका जाणकाराला फोन केला. त्याने समजावलेलं मी बाबांना माझ्या भाषेत सांगितलं: मी पोळ्या लाटतेय आणि तुमचा मुलगा भाजतोय, पण आमचा वेग जुळत नाही. आधीची पोळी तव्यावर असतानाच मी पुढची टाकते. नवं कार्ड तसंच घाईने चित्रं टाकत होतं. जुनं चित्र पडद्यावर पुरतं उमटायच्या आत नवं येऊन पडायचं, म्हणून वर एक आणि खाली दुसरं. खेळाच्या सेटिंगमध्ये 'व्हर्टिकल सिंक' नावाचा पर्याय होता. तो चालू केला की कार्ड पडद्यासाठी थांबतं. मी चालू केला. रस्ता सांधला गेला, पण आता गाडी वळणांवर गचके खायला लागली.

"हे काय? आता माझी मान बिघडली?" बाबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले.

वळणांवर इतक्या सावल्या रंगवायच्या असायच्या की पडद्याची ठरलेली वेळ आता त्याच कार्डाला गाठता येत नव्हती. आम्ही झाडांच्या सावल्या बंद केल्या, गाडीच्या आरशातलं प्रतिबिंब कमी केलं. गाडी लोण्यासारखी धावायला लागली.

बाबांनी एक फेरी पूर्ण केली. मग म्हणाले, "अच्छा, आता ते पुन्हा बंद कर."

"का? छान चाललंय की."

"कर तू."

मी सिंक बंद केलं. रस्ता फाटला. चालू केलं, जुळला. मग त्यांनी माऊस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. दर वेळी जवळ वाकून त्या वळणावर नजर रोखून बघत होते. पाच-सहा वेळा झाल्यावर चष्मा काढला, त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"त्या डॉक्टरला फोन लाव," ते म्हणाले. "डावाही करून टाकू."