चहा पिताना मान वळवायची सवय

गेल्या हिवाळ्यात मी चहा पिताना मान वळवायला लागले होते. ठरवून केलं, असं नाही म्हणता येणार. मोबाइलवर मी कोरियन मालिका बघायचे, हिंदी डबिंगमधल्या, एकामागून एक. त्यात मोठ्या माणसांसमोर प्यायची वेळ आली की तरुण मुलं बाजूला वळून, ओठांवर हात धरून पितात. मला ते फार सभ्य वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे सभ्य कशाला म्हणायचं हे मी सगळीकडून गोळा करत असते.

आम्ही हिंदी मुलखात राहतो; बाबा शहराजवळच्या हातोद गावच्या मंडीत धान्य तोलायचं काम करतात. संध्याकाळी छत्रीबाग मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीवर परतले की आम्ही दोघं चहा पितो. मी रोज मान वळवून प्यायचे आणि मनात म्हणायचे, बाबांना जाणवत असेल.

जाणवत होतंच. एक दिवस मेथी निवडताना आई म्हणाली, "तुला बाबांची शरम वाटते का गं? म्हणत होते, कॉलेजात गेली तेव्हापासून बच्ची माझ्याकडे बघून चहासुद्धा पीत नाही."

त्या संध्याकाळी मी बाबांना मालिकेतला तसा प्रसंग दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"ग्लासात काय आहे?"

मी अडखळले. "दारू."

"म्हणजे मी आल्याचा चहा पाजतो, अन् तू दारूचे कायदे पाळते."

आई हसली. मलाही हसू आलं, पण उत्तर हवं होतं. "बाबा, मग आपल्यात आदर कसा दाखवतात?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मी तर माझ्या वडिलांसमोर कधी चहाच प्यायलो नाही. कप घेऊन मागच्या दारात जायचो. आदर होता की डर, आता क्या मालूम."

मला नवल वाटलं. इतक्या लांबच्या देशाचं म्हणून जे मी उचललं, त्याच्यासारखं काहीतरी आमच्याच घरात होतं, आणि बाबांनी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. मुद्दाम का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"तू सरळ बस, बेटा," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत घोट घेतला. आता तेच जरा संकोचले आणि बशीत बघत पिऊ लागले.