माउली: विशेषनाम की सामान्यनाम?

मित्रहो, व्याकरणाच्या वतीने एक गंभीर तक्रार आहे. आमच्या इंदापूर तालुक्यात ‘माउली’ हे विशेषनाम उरलेलं नाही. शाळा ज्ञानेश्वर, चौक ज्ञानेश्वर, रसवंती माउली. माझा थोरला भाऊही ज्ञानेश्वर, म्हणजे गावाचा माउलीच.

आज बारामतीच्या दवाखान्यात दादाचं ऑपरेशन झालं. मध्येच सिस्टर दारात आल्या. "माउलींना रक्त लागतंय, कोण आहे?"

मी उठलो, तर शेजारचे तिघंही उठले. ते निमगाव केतकीचे, त्यांचाही माउली आत अपेंडिक्सला. सिस्टरनी आडनाव सांगितलं. आमचंच.

मी म्हटलं, "बसा तात्या, तुमचा नव्हे, आमचा माउली."

तात्या बाही वर करत म्हणाले, "गुरुजी, माउलीत आमचा-तुमचा कवापास्नं आला? रक्त कुठं द्यायचं हाय, तेवढं सांगा."

तिघांनीही दिलं. एकवचनाचं अनेकवचन फळ्यावर जन्मभर केलं, पण होताना आज पाहिलं.

तक्रार मागे घेतो. तुमच्यातही कुणी माउली असेल, तर आज त्याला माझा नमस्कार सांगाल का?

दादानं अजून डोळे उघडलेले नाहीत. मला भीती वाटते आहे.